कुठल्या देशात केस केली तर पोटगी जास्त मिळेल?

पत्र थोडक्यात असं (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत): मी मूळची सांगलीची, वय ४१. बी.फार्म करून पुण्यात एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होते. २०११ मध्ये पुण्यातच लग्न झालं, नोंदणीही केली. २०१५ ला नवऱ्याला कंपनीनं न्यू जर्सीला पाठवलं तेव्हा मी राजीनामा दिला. माझा पगार तेव्हा ३१ हजार, त्याचा ५० च्या आसपास. इथं आल्यापासून डिपेंडंट व्हिसावर घरीच आहे. मुलगी ९ वर्षांची, इथंच जन्मलेली. दीड वर्षापासून नवरा वेगळ्या खोलीत झोपतो, आता म्हणतो लग्न संपलंय, सरळ सही कर. त्याच्या आयुष्यात दुसरी कुणी आहे असं वाटतं. पोटगीचं काढलं की म्हणतो, शिकलेली आहेस, पोटगी कसली? भाऊ म्हणतो मुलीला घेऊन निघून ये, पुण्यात केस टाकू, पगाराचे २५ टक्के तर कायद्यानंच मिळतात. गोव्याची मैत्रीण म्हणते अर्धं तुझंच आहे. लंडनची मावसबहीण म्हणते तिकडं आयुष्यभर मिळते. आई म्हणते असल्या माणसापुढं हात पसरू नकोस. बाणेरला २०१८ मध्ये घेतलेला फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर आहे. माझी जुनी कागदपत्रं सगळी सांगलीला माळ्यावरच्या बॅगेत. एवढंच सांगा, कुठल्या देशात केस केली तर जास्त मिळेल? आणि मागणं बरोबर आहे का?

ताई,

आधी दोन गोष्टी, त्या आजपासूनच पाळा, बाकीचं चहा घेऊन निवांत वाचलंत तरी चालेल.

एक, "सरळ सही कर" म्हणून जो काही कागद समोर येईल तो तुमच्या स्वतःच्या वकिलानं वाचल्याशिवाय त्यावर सही करायची नाही. दोघांचा मिळून एक वकील ही भानगड नकोच. पोटगी सोडली असं एकदा लिहून दिलं की नंतर ती परत उभी करणं फार म्हणजे फार अवघड जातं, तिथंही आणि इथंही. दुसरी गोष्ट भावाला नीट समजावून सांगा. मुलीचं घर आत्ता न्यू जर्सी आहे, वडिलांची लेखी संमती किंवा कोर्टाची परवानगी नसताना तिला घेऊन विमानात बसलात तर अमेरिकेत १९९३ चा केंद्रीय कायदा आहे, त्याखाली तुमच्यावरच गुन्हा होऊ शकतो. भारतानं मुलं परत पाठवण्याच्या १९८० च्या हेग करारावर सही केलेली नाही हे खरंय, त्यामुळे पुण्यात उतरलं की झालं असं बऱ्याच भावांना वाटतं, पण आपल्याच सुप्रीम कोर्टानं मूल परत पाठवा म्हणून सांगितलेल्या केसेस आहेत. पैशाची लढाई जिंकायला जाऊन मुलीच्या ताब्याची हरायची नाहीये आपल्याला.

आता तुमचा प्रश्न. कुठे जास्त मिळेल. हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की मी उत्तर द्यायच्या आधी उलट विचारते, कशाचे पैसे मिळतील असं वाटतंय तुम्हाला? बहुतेक जणी गप्प होतात. कारण आपण शब्दच असा घेतलाय, पोटगी. पोटापुरती. तुमच्या सांगलीकडं तर अजून "खावटीची केस" म्हणतात, म्हणजे खाण्यापुरतं द्या आणि मोकळे व्हा. शब्दच असा असल्यावर तुमचा नवरा म्हणणारच की शिकलेली आहेस, पोट भर की तुझं तू. आणि आईही म्हणणारच हात पसरू नकोस. दोघांचं भांडण असलं तरी दोघं एकाच शब्दाला धरून बोलतायत.

मागच्या पावसाळ्यात शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टाच्या बाकावर बसून एका बाईकडून मी उत्पन्न-खर्चाचं ॲफिडेव्हिट भरून घेत होते. बाईंचा संसार १७ वर्षांचा. दूध किती, किराणा किती, मुलाची फी, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, गॅस, सगळं तोंडपाठ, गोळीचं नाव आणि पट्टीची किंमतसुद्धा. मग आला स्वतःचा खर्च. पेन थांबलं. "माझा कसला खर्च मॅडम?" म्हणाल्या. मी म्हटलं चष्मा घालता ना, नंबर वाढला की पैसे लागत नाहीत का? मग चष्मा लिहिला, मग दाताचं लिहिलं, मग पार्लर २०० लिहिलं आणि लगेच खोडलं. ते खोडलेलं पार्लर मला अजून आठवतं. कोर्ट देईल न देईल तो पुढचा भाग, बाईनं आधीच स्वतःला पोटापुरतं करून टाकलेलं.

तर प्रत्येक देशातलं कोर्ट वेगळा प्रश्न विचारतं, आणि प्रश्न वेगळा म्हणून आकडा वेगळा. हे एकदा डोक्यात बसलं की मैत्रीण, भाऊ, बहीण सगळ्यांचं बोलणं आपोआप जागेवर येतं.

भावाचे २५ टक्के आधी घेऊ, कारण हे खूळ व्हॉट्सॲपवर भयंकर पसरलंय. असा कुठलाही कायदा नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं पश्चिम बंगालच्या एका केसमध्ये म्हटलं की नवऱ्याच्या हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के ही रक्कम वाजवी धरता येईल, झालं, सगळ्यांनी तेवढंच वाक्य उचललं. त्याच केसमध्ये नवऱ्याचा हातात येणारा पगार ९५,५२७ रुपये होता, हायकोर्टानं २३ हजार लावले होते आणि सुप्रीम कोर्टानं ते कमी करून २० हजार केले कारण त्यानं दुसरं लग्न केलं होतं आणि तिकडचीही जबाबदारी होती. आता करा हिशेब, २० हजार म्हणजे २१ टक्केसुद्धा भरत नाहीत. म्हणजे ज्या निकालातून २५ आले त्यातच २५ नाहीत!

आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात केस चालू असतानाची पोटगी कलम २४ मध्ये आणि कायमची कलम २५ मध्ये, दोन्हीत आकडा नाही, टक्के नाहीत, न्यायाधीशानं दोघांचं उत्पन्न, मिळकत, वागणूक आणि परिस्थिती बघून ठरवायचं. पूर्वी यात इतका अंदाजपंचे कारभार चालायचा की नवरा पगार लपवायचा, बायको खर्च फुगवायची आणि कोर्ट मधला कुठलातरी आकडा काढायचं. त्याला थोडी शिस्त आली ती २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, रजनेश विरुद्ध नेहा या निकालानं, आणि ती केस आपल्या नागपूरच्या फॅमिली कोर्टातून वर गेलेली बरं का. तेव्हापासून दोघांनीही ॲफिडेव्हिट द्यायचं, बँकेची स्टेटमेंट, कर्ज, दागिने, शिक्षण, सगळं, आणि कुणी परदेशात असेल तर तिथल्या कमाईचं आणि तिथल्या खर्चाचं वेगळं. पोटगी अर्ज केल्या तारखेपासून धरायची, निकालाच्या तारखेपासून नाही. आणि तुमच्या कामाचं म्हणजे त्याच निकालात स्पष्ट आहे की बायको शिकलेली आहे किंवा अगदी कमावती आहे एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, घरासाठी मुलांसाठी तिनं नोकरी सोडली असेल तर ते जमेस धरायचं. म्हणजे "शिकलेली आहेस, पोटगी कसली" याला पुण्यातही उत्तर आहे. हां, शिकलेली बाई हातपाय धड असताना मुद्दाम काही न करता बसली असं दिसलं तर कोर्टं हल्ली सुनावतातही, तेही लक्षात असू द्या, पण डिपेंडंट व्हिसावर काम करायची मुभाच नसणं आणि मुद्दाम बसणं यात फरक आहे आणि तो कागदानं दाखवता येतो.

मात्र आपल्या कायद्यात एक मोठं भोक आहे. लग्नात जमवलेली मालमत्ता दोघांची, ही कल्पनाच हिंदू विवाह कायद्यात नाही. बाणेरच्या फ्लॅटच्या इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर, ज्याचं नाव फ्लॅट त्याचा. तुम्ही भांडी घासलीत, पोरगी वाढवलीत, त्यामुळे तो हप्ते भरू शकला, हे सगळं कोर्ट ऐकून घेईल पण मालकीचा कागद बदलणार नाही, फार तर कायमची पोटगी ठरवताना वजन देईल आणि त्या रकमेचा बोजा फ्लॅटवर टाकेल. बायकोला नवऱ्याच्या स्थावरात वाटा द्यायचं एक विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत पास झालं होतं, पुढं लोकसभेत पास झालंच नाही, विरून गेलं. डिसेंबर २०२४ मध्ये एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं १२ कोटी दिले म्हणून पेपरात मोठमोठे मथळे आले, पण त्याच निकालात कोर्टानं बजावलंय की पोटगी ही नवऱ्याच्या संपत्तीशी बरोबरी करायचं साधन नव्हे. मथळा सगळ्यांनी वाचला, ही ओळ कुणी वाचली नाही.

याच्या बरोबर उलटं गोव्यात. तुमची मैत्रीण खोटं बोलत नाहीये, पण ती तिच्या घरचं सांगतेय. गोव्यात अजून १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता चालते, धर्म कुठलाही असो, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र, निम्मी निम्मी. नवऱ्याला घर विकायचं तर बायकोची सही लागते. कर्जही निम्मं हे मैत्रिणी सांगत नाहीत, असो. तिथं बाईला अर्धं मिळतं ती पोटगी नव्हेच, ते पहिल्या दिवसापासून तिचंच असतं, घटस्फोटात फक्त वेगळं काढलं जातं. पण हे गोव्याचे रहिवासी असणाऱ्यांना, पुण्यात हिंदू विवाह कायद्यानं लग्न झालेल्या माणसानं पणजीत फ्लॅट घेतला म्हणून लागू होत नाही. (असंही विचारलंय मला एकानं. उलट्या बाजूनं, बायकोपासून फ्लॅट वाचवायला.)

आता न्यू जर्सी, म्हणजे खरं तुमचं घर. मी पुण्यात वकिली करते, तिथली वकील तुम्हाला तिथलीच करावी लागेल, पण ढाचा सांगते म्हणजे पहिल्या भेटीचे डॉलर वाया जायचे नाहीत. तिथं दोन वेगळ्या पेट्या आहेत. एका पेटीत लग्नाच्या काळात जमलेलं सगळं, नाव कुणाचंही असो, त्याचं न्याय्य वाटप. न्याय्य म्हणजे निम्मंच असं नाही, पण घरी बसून संसार केला हेही योगदान धरतात. यात त्याचं ४०१ के, म्हणजे नोकरीतलं निवृत्तीसाठीचं बचत खातं, तेही आलं, कंपनीचे शेअर्सही आले आणि बाणेरचा फ्लॅटही हिशेबात येतो, कारण तो २०१८ चा, लग्नानंतरचा. वडिलोपार्जित आलेलं किंवा तिसऱ्यानं बक्षीस दिलेलं वगळतात. दुसरी पेटी पोटगीची. कायद्यात निकषांची भली मोठी यादी आहे, त्यात लग्नात तुम्ही कसं राहत होतात ते राहणीमान, किती वर्षं नोकरीबाहेर होतात, परत कामाला लागायला किती शिक्षण, किती पैसे, किती वेळ लागेल, संसारासाठी करिअर कुणाचं थांबलं, हे सगळं येतं. २०१४ च्या दुरुस्तीत तर तिथं असं घातलंय की त्या राहणीमानावर दोघांपैकी कुणाचाही हक्क दुसऱ्यापेक्षा जास्त नाही. मला हे फार आवडतं. पोटाबद्दल एक अक्षर नाही बघा.

त्याच दुरुस्तीत मुदतीचाही नियम आला, २० वर्षांच्या आतलं लग्न असेल तर पोटगी लग्नाच्या वर्षांपेक्षा जास्त वर्षं मिळत नाही, अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडून. तुमची १४ होतायत, म्हणजे ती कमाल, मिळतीलच असं नाही. तिथं पोटगीचे प्रकारही वेगळे, त्यातला एक रिहॅबिलिटेटिव्ह म्हणतात तो तुम्ही लक्षात ठेवा, म्हणजे बाईला परत उभं राहायला शिक्षण-प्रशिक्षण घ्यायचंय, एवढी वर्षं लागतील, एवढा खर्च येईल असा आराखडा द्यायचा आणि तेवढ्या काळापुरती रक्कम मागायची. फार्मसीवालीला हे चपखल बसतं. आणि आपल्या ॲफिडेव्हिटसारखाच तिथं एक लांबलचक फॉर्म असतो, केस इन्फर्मेशन स्टेटमेंट, त्यात खर्चाचे दोन रकाने, लग्नात एकत्र असताना काय होता आणि आता काय आहे. दोन्ही भरा. पार्लर खोडू नका.

आणि "अमेरिकेत" असं म्हणू नका कधीच, अमेरिकेत कायदा राज्यागणिक बदलतो. तुमच्या इथून हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्कला गेलं की चक्क सूत्र आहे. समजा नवऱ्याचं वर्षाचं उत्पन्न दीड लाख डॉलर, बायकोचं शून्य आणि मुलांचा खर्चही तोच देणार, तर त्याच्या उत्पन्नाच्या २० टक्क्यांतून तिच्या उत्पन्नाचे २५ टक्के वजा, म्हणजे वर्षाला ३० हजार, महिन्याला अडीच हजार डॉलर असा मार्गदर्शक आकडा निघतो आणि १५ वर्षांच्या आतल्या लग्नाला मुदत लग्नाच्या १५ ते ३० टक्के, तुमच्यासारखीला साधारण दोन ते सव्वाचार वर्षं. टेक्सासमध्ये एरवी १० वर्षं लग्न झाल्याशिवाय दारात उभं करत नाहीत, किमान गरजा भागत नाहीत हे आधी दाखवायचं, मग महिन्याला ५ हजार डॉलर किंवा उत्पन्नाच्या २० टक्के यातलं जे कमी ते, आणि तुमच्या वर्षांना जास्तीत जास्त ५ वर्षं. टेक्सासची खावटीच ती, नाव इंग्रजी. पण तिथं लग्नात मिळवलेली मालमत्ता मात्र दोघांची धरतात, म्हणजे एका हातानं आखडलं तर दुसऱ्या हातानं दिलं. म्हणून पोटगीचा आकडा एकटा बाजूला काढून दोन ठिकाणांची तुलना करणं हा वेडेपणा आहे, मालमत्तेच्या पेटीत काय आहे ते आधी विचारायचं.

मावसबहिणीचं लंडन. इंग्लंडमध्ये १९७३ चा कायदा, आणि २००० साली तिथं एका शेतकरी जोडप्याच्या केसमध्ये ठरलं की कमावणारा आणि घर सांभाळणारी यांच्यात डावं-उजवं करायचं नाही, समान वाटणीच्या पट्टीवर निकाल तपासून बघायचा. तेव्हापासून श्रीमंतांच्या बायका लंडन गाठायला लागल्या. पण आयुष्यभराची पोटगी तिथंही आता कमी कमी होत चाललीय, एकदाच तोडून टाका आणि मोकळे व्हा याकडं कल आहे. त्याच बेटावर उत्तरेला स्कॉटलंडमध्ये जुळवून घ्यायला म्हणून साधारण ३ वर्षांपेक्षा जास्त देत नाहीत. जर्मनीत घटस्फोटानंतर ज्यानं त्यानं स्वतःचं बघावं हेच तत्त्व, मूल ३ वर्षांचं होईपर्यंत आई किंवा बाप जो सांभाळतो त्याला हमखास, पुढचं परिस्थितीनुसार, मात्र लग्नात वाढलेली संपत्ती आणि दोघांची पेन्शन मात्र बारकाईनं वाटतात. फ्रान्समध्ये दरमहा देत बसण्यापेक्षा दोघांच्या राहणीमानात पडणारी दरी एका रकमेनं भरायची, हप्ते केले तरी ८ वर्षांत संपवायचे. यातल्या कुठल्याच देशाशी तुमचा संबंध नाही, मी सांगितलं ते एवढ्यासाठी की बहिणीची ओळखीतली बाई कुठल्या प्रश्नाचं उत्तर घेऊन आली ते कळावं.

हे सदर सगळ्याच वाचतात म्हणून मुस्लिम मैत्रिणींसाठी दोन ओळी. पारंपरिक कायद्यात नवऱ्याची जबाबदारी इद्दतीपुरती, म्हणजे तलाकनंतर बाईनं थांबायच्या साधारण तीन महिन्यांपुरती, मानली जायची. १९८५ मध्ये इंदूरच्या शाहबानोला महिन्याला १७९ रुपये २० पैसे, हो एवढेच, देण्यावरून देशभर रण माजलं, १९८६ ला नवा कायदा आला, २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याचा अर्थ असा लावला की इद्दतीच्या काळातच पुढच्या आयुष्याची न्याय्य तरतूद करून द्यायची, आणि जुलै २०२४ मध्ये सांगितलं की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालीही ती मागू शकते. ते १२५ आता नव्या संहितेत कलम १४४ झालंय, वकील जुनाच नंबर बोलतात, गोंधळू नका.

तुम्ही लिहिलंय दुसरी कुणी आहे. मन दुखतं, मान्य. पण रात्री दोन वाजता त्याचा फोन उघडायचा प्रयत्न करत असाल तर थांबवा. आपल्याकडं कलम २५ मध्ये वागणूक हा शब्द आहे, थोडं वजन पडतं. नॉर्थ कॅरोलायनासारख्या राज्यात तर व्यभिचार सिद्ध झाला की पोटगीचं पारडंच फिरतं. पण न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सांगून ठेवलंय की अशा चुकांचा पोटगीशी संबंध नाही, फक्त त्या चुकीनं घरच्या पैशाला खड्डा पडला असेल किंवा ती अगदीच अघोरी असेल तर. म्हणजे तिच्यावर क्रेडिट कार्डानं उधळले असतील तर ती स्टेटमेंट ठेवा, प्रेमाचे मेसेज राहू द्यात.

आता राहिलं पुणे की न्यू जर्सी. कायद्यानं तुम्ही पुण्यात राहायला आलात तर पुण्यात अर्ज करू शकता, २००३ पासून बायकोला ती सोय आहे. पण निकाल मिळणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. त्याचा पगार जमा होतो न्यू जर्सीत. तिथल्या कोर्टाचा हुकूम असेल तर पगारातूनच कापून घ्यायची व्यवस्था आहे. पुण्याच्या हुकमाला अमेरिकेत आपोआप किंमत नाही, दोन देशांत तसा करारच नाही, मग तो तिकडं आणि तुम्ही इकडं तारखा घेत बसणार. पुण्याच्या कोर्टाचा हात पोचतो तो बाणेरच्या फ्लॅटपर्यंत. आणि न्यू जर्सीचं कोर्ट नवऱ्याला फ्लॅटमधला वाटा दे म्हणून सांगू शकतं, पण स्वतः पुण्याच्या रजिस्ट्रार ऑफिसात येऊन दस्त करू शकत नाही. म्हणून माझं मत, केस राहता तिथंच लढा आणि तडजोड झालीच तर तिच्यात अमुक तारखेच्या आत पुण्यात नोंदणीकृत दस्त करून देईन असं त्याच्याकडून लिहून घ्या, न केल्यास काय तेही लिहून घ्या.

त्यानं तिथं आधीच दावा टाकला आणि समन्स आलं तर ड्रॉवरमध्ये टाकू नका, हा आपल्या लोकांचा फार आवडता उपाय. तुमच्या गैरहजेरीत तिथं एकतर्फी निकाल होईल. भारतात तो बहुधा टिकणार नाही, कारण "आमचं पटत नाही" हे कारण आपल्या हिंदू विवाह कायद्यात नाही आणि १९९१ पासून सुप्रीम कोर्टानं असे परदेशी निकाल मानायला कडक अटी घातल्यात. पण मग तुम्ही तिकडं घटस्फोटित आणि इकडं विवाहित अशा लटकाल, आणि पैसा तर तिकडंच. त्यापेक्षा हजर राहा, भांडा, आणि शेवटी दोघांचं ठरलंच तर पुण्यातही परस्पर संमतीचा अर्ज करून टाका, वर्षभर वेगळं राहणं लागतं, एका छपराखाली पण नवरा-बायको म्हणून न राहणंही त्यात धरतात, आणि सहा महिन्यांची वाट २०१७ पासून कोर्ट माफ करू शकतं. आणखी एक, घटस्फोटाच्या दिवशी तुमचा डिपेंडंट व्हिसा जातो. इमिग्रेशनवाला वकील आधी गाठा, निकालानंतर नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं काम एका टप्प्यापुढं गेलं असेल तर तुम्हाला आत्ता कामाचा परवानाही मिळू शकतो, तो कधीच का काढला नाही हे नवऱ्याला विचारण्यासारखं आहे.

मुलीचा खर्च यात कुठंच धरू नका. तो तिचा हक्क, वेगळा हिशेब, दोघांच्या उत्पन्नावर ठरतो. "पोटगी सोड, मग पोरीचं बघतो" असा सौदा त्यानं मांडला तर तिथंच नाही म्हणा.

आईला काय सांगायचं? मागच्या काही वर्षांतली नांदेडची केस सांगा. शिक्षिका असलेल्या बायकोनं बेकार नवऱ्याला महिन्याला ३ हजार द्यावेत हा हुकूम २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं कायम केला, घटस्फोट होऊन वर्षं उलटल्यावर. आपल्या कायद्यात पोटगी बायकोची असं लिहिलेलंच नाही, दोघांपैकी कुणीही मागू शकतं. तो नवरा हात पसरत होता का ते आईनंच ठरवावं. तुमच्या बाबतीत तर २०१५ साली ३१ आणि ५० असे दोन पगार एकाच घरात येत होते, दोघांनी मिळून ठरवलं की एक बंद करायचा आणि दुसरा वाढवायचा. वाढलेल्या पगारात ते ३१ गेलेत. ते परत मागताय तुम्ही.

म्हणून आता फोनबिन सोडा आणि कागद गोळा करा. दोघांनी मिळून भरलेले टॅक्स रिटर्न, त्यावर तुमचीही सही आहे, तिथल्या आयकर खात्याकडून तुम्ही स्वतः प्रत मागवू शकता, त्याला विचारायची गरज नाही. ४०१ के आणि शेअर्सची स्टेटमेंट घरी टपालानं येतात त्यांचे फोटो काढून ठेवा. बाणेरचं इंडेक्स टू ऑनलाइन काढता येतं, भावाला तेवढं काम द्या, त्यालाही काहीतरी केल्यासारखं वाटेल. भारतात असणाऱ्या वाचक मैत्रिणींना वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला तिथं उत्पन्नाची अट नाही, मोफत वकील मिळतो. घरात मारहाण असेल तर प्रश्नच वेगळा, न्यू जर्सीत दक्षिण आशियाई बायकांसाठी १९८५ पासून मानवी ही संस्था काम करते.

आणि आईला आज रात्रीच फोन करून माळ्यावरची बॅग खाली काढायला सांगा. बी.फार्मचं सर्टिफिकेट, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, हे तीन कागद. राजीनाम्यात कारण काय लिहिलं होतं आठवतंय का? "पतीच्या परदेशी बदलीमुळे" असं काही लिहिलं असेल तर तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुरिअर करायला सांगा, नुसता फोटो नको, मूळ प्रत.